मोठा काटा चार ग्रॅमने चुकतो आहे

तीर्थरूप मामांना नमस्कार (वाकून केला आहे असे समजावे, पण गुडघे न वाकवता केला असल्यामुळे, तुमच्या नियमाप्रमाणे, अर्धाच धरावा).

तुमचा गुडघा कसा आहे? आईने फोनवर सांगितले की जिना चढताना तो वाजतो. डावा की उजवा, हे तिला सांगता आले नाही, त्यामुळे मला त्यावर मत देता येत नाही. मामींचा खोकला गेला असेल. रेडिओ अजूनही कपाटावर उभा ठेवला तरच बोलतो का? मागे मी तो उघडून बघते म्हणाले होते, तेव्हा तुम्ही तो माझ्या हातातून काढून घेतला होता, म्हणून पुन्हा विचारत नाही. माझी तब्येत ठीक आहे. वजन गेल्या महिन्याइतकेच आहे. क्षेमकुशल इथे संपले.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण तुम्ही फोनवर "हं" म्हणता आणि "हं"वरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. विषय पूर्णपणे तांत्रिक आहे. संग्रहालयात असलेला मोठा काटा (तुमचाच, टांगायच्या चौकटीसकट दिलेला) रिकामा असताना डावीकडे झुकतो. खोट चार ग्रॅमची आहे. असे कशामुळे होऊ शकते, याबद्दल तुमचे मत हवे आहे. एवढेच विचारायचे होते. खाली जे लिहिले आहे ती पार्श्वभूमी आहे. ती वाचायची नसेल तर पत्र इथे घडी करून ठेवावे आणि उत्तर पाठवावे.

(घडी केली नाहीत असे धरून पुढे लिहिते.)

गेले पाच महिने मी दर शनिवार-रविवार वजनमापांच्या संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून जाते. डॉक्टरांनी सांगितले होते की पाच दिवस बसून काम करता, तर दोन दिवस तरी उभ्या राहा. उभे राहायला जागा निवडताना मी अंतर, वेळा आणि स्वच्छतागृह या तीन गोष्टी पाहिल्या. यात तुमचा काही संबंध आहे असे आईचे म्हणणे आहे. आईच्या विधानांना पुरावा नसतो.

तुम्ही ते संग्रहालय पाहिलेले नाही, म्हणून सांगते. एकाच मजल्यावर एकापुढे एक चार खोल्या आहेत. पहिलीत धान्य मोजायची लाकडी मापे, दुसरीत पट्ट्या, फिती आणि जमीन मोजायच्या साखळ्या, तिसरीत तुमचे काटे दुरुस्तीचे अख्खे दुकान, चौथीत प्रमाण वजने आणि दहा मिनिटांची एक चित्रफीत, जिचा आवाज सातव्या मिनिटाला जातो. तुमच्या खोलीत नऊ काटे आहेत, वजनांच्या पेट्या आहेत, तुमचे लाकडी बाक आणि त्यावरचा शेगडीचा काळा डागसुद्धा आहे. पाटीवर तुम्ही सांगितले तेच लिहिले आहे : "दाता : एक कारागीर". दुकान बंद करताना तुम्ही सगळा माल टेम्पोत भरून पाठवलात आणि उद्घाटनाला आला नाहीत. "काचेतला काटा म्हणजे नुसतं लोखंड. लोखंड बघायला मी कशाला येऊ?" हे तुमचे वाक्य आई अजून फोनवर तुमच्या आवाजात म्हणून दाखवते. आवाज जमतो. डोळे बारीक करणे फोनवर दिसत नाही, पण ती करत असावी.

पहिल्या दिवशी संग्रहालयाच्या प्रमुख बाईंनी मला विचारले की तुला काय काय येते. मी सांगितले की मी इलेक्ट्रॉनिक काटे बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी अभियंता आहे, ग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत मोजू शकते आणि मोजमापातली चूक कुठून आली ते शोधू शकते. बाई म्हणाल्या, "छान. पाण्याचा जार उलटा करता येतो का?" पहिले तीन आठवडे मी जार उलटे केले. (वीस लिटरचा जार उलटा करताना सरासरी एकशे दहा मिलिलिटर पाणी सांडते. आता तीस सांडते.)

चौथ्या आठवड्यापासून बाईंनी मला माणसांमध्ये सोडले. दुसरा कर्मचारी म्हणजे पहारेकरी. त्यांना सगळे "उभे काका" म्हणतात, कारण एकोणीस वर्षांत त्यांना बसलेले कोणी पाहिलेले नाही. संग्रहालयात पहारेकऱ्याला खुर्ची मंजूर नाही. काका मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, लोक इथे वस्तू बघायला येत नाहीत. बाहेर ऊन असतं म्हणून येतात." मी म्हणाले की हे विधान तपासता येईल. आणि मामा, तिथूनच सगळे बिघडले.

मी मोजले. हातात घड्याळ घेऊन, दाराआड उभी राहून, दोनशे पाहुण्यांचा प्रत्येक खोलीतला वेळ लिहून काढला. (एका गृहस्थांनी बाईंकडे तक्रार केली की एक मुलगी माझ्या मागावर आहे. ते अपवाद म्हणून धरले.) पहिल्या खोलीत तीन मिनिटे, दुसरीत चार, चौथीत सहा, कारण तिथे पंखा आहे. तुमच्या खोलीत एक्केचाळीस सेकंद. दारातून दारापर्यंत चालायलाच सव्वीस लागतात, म्हणजे तुमच्या एकतीस वर्षांच्या दुकानाला माणशी पंधरा सेकंद. मी याचा अहवाल केला, चार रंगांचा आलेख जोडला आणि सुधारणा व्हावी या हेतूने संग्रहालयाच्या समितीला पाठवला. समितीला आलेख फार आवडला. इतका स्वच्छ आलेख त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता, असे त्यांनी लेखी कळवले, आणि त्याच पत्रात पुढे ठरवून टाकले की तिसऱ्या खोलीतले सामान गोदामात हलवावे आणि तिथे चहाची खोली करावी.

अहवालात काहीही चूक नव्हती. शंका घ्यायला मी कुठे जागाच ठेवली नव्हती.

बाईंनी मला समोर बसवले (खुर्चीत, बाईंच्या खोलीत खुर्च्या आहेत). ओरडल्या नाहीत. "तुला कोणी विचारलं होतं का गं?" एवढेच म्हणाल्या. मग त्यांनी समितीकडून मुदत मागून घेतली : या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी समिती स्वतः येऊन तिसऱ्या खोलीत उभी राहील, माणसे थांबताना दिसली तर खोली राहील, नाहीतर सोमवारी टेम्पो येईल. तुमचे सामान दुसऱ्यांदा टेम्पोत चढेल, आणि या वेळी मी चढवल्यासारखे होईल. चहाच्या खोलीला माझा तत्त्वतः विरोध नाही. चौथ्या खोलीनंतर माणसाला चहा लागतोच. पण त्या बाकावरच्या शेगडीच्या डागाचे काय करणार, असे मी समितीला विचारले, तर त्यांनी तो घासून निघेल असे कळवले.

मग मी खोली सुधारायला घेतली. मला वाटले की लोक थांबत नाहीत कारण माहिती अपुरी आहे. म्हणून नऊ काट्यांना नऊ फलक लिहिले, प्रत्येकी दोनशे चाळीस शब्दांचे. दांडीची लांबी, दांडी जिच्यावर तोलली जाते त्या धारेचे पोलाद, क्षमता, किती वजनाला किती चूक चालते, सगळे आकृत्यांसह. त्यावर काच बसवली. दर फलकापुढे लोक सरासरी चार सेकंद थांबले. फक्त एक गृहस्थ पाचव्या फलकासमोर तब्बल तीन मिनिटे उभे राहिले. मला बरे वाटले, हे कबूल करते. जवळ गेले तर ते काचेत बघून भांग पाडत होते.

यानंतर मी ठरवले की दोष मार्गाचा आहे. जमिनीवर बाण चिकटवले, म्हणजे प्रत्येक पाहुणा तुमच्या खोलीत उजव्या भिंतीने शिरून नऊच्या नऊ काट्यांवरून डाव्या भिंतीने बाहेर पडेल. आराखडा उत्तम होता. चौथ्या खोलीतला शेवटचा बाण मी बाहेरच्या दाराऐवजी पहिल्या खोलीच्या दाराकडे तोंड करून चिकटवला, कारण आराखड्याचा कागद मी त्या खोलीत उलटा धरला होता. (तुम्ही हसणार हे माहीत आहे. हसून घ्यावे.) सात जणांचे एक कुटुंब आले, आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत. ते बाणांप्रमाणे चालले. चार खोल्या झाल्या, पुन्हा पहिलीत आले, पुन्हा चारही झाल्या. तिसऱ्या फेरीत मी त्यांना थांबवले तेव्हा आजोबा घाम पुसत म्हणाले, "केवढं मोठं आहे हो तुमचं संग्रहालय! पण साखळ्या जरा जास्त झाल्या." मी खरे सांगितले नाही. त्यांना बाहेरच्या दारापर्यंत नेऊन सोडले. अभिप्रायाच्या वहीत त्यांनी लिहिले आहे की एवढी माहिती कुठेच मिळाली नाही, विशेषतः तिसऱ्या फेरीत बाळालासुद्धा काटे ओळखू येऊ लागले. यातून काही शिकण्यासारखे होते, पण मी त्या दिवशी बाण खरवडून काढत होते.

काका म्हणाले, "ताई, लोकांना काय हवं ते विचारा की." मग मी पाहुण्यांनी आम्हाला विचारलेले शंभर प्रश्न लिहून काढले. त्यातले त्रेसष्ट एकच होते : स्वच्छतागृह कुठे आहे. हे मला उपयोगी वाटले. मी स्वच्छतागृहाची पाटी अशी लावली की तिकडे तुमच्या खोलीतूनच जावे लागेल. तिसऱ्या खोलीतली ये-जा एका आठवड्यात तिप्पट झाली. वेग मात्र चौपट झाला. जाताना नऊ सेकंद, येताना तीस. येताना माणसे शांत असतात, एखादा काटा बघतातही, पण हात ओले असतात आणि रुमालाच्या नादात असतात. पाटी काढून टाकली. बाईंनी हे समितीला कळवू नको असे सांगितले आणि मी या वेळी ऐकले.

मग खुर्ची. ही माझी कल्पना नव्हती; मी आजारी असताना बाईंनी तुमच्या बाकाशेजारी सहज एक जुनी खुर्ची ठेवली, पाहुण्यांसाठी. पुढच्या शनिवारी मी आले तर खुर्चीत उभे काका बसलेले होते आणि त्यांच्याभोवती अकरा माणसे. एकोणीस वर्षांनी बसायला मिळाल्यावर काकांना बोलणे फुटले होते. मोठ्या काट्याकडे बोट करून ते सांगत होते की यावर एकदा हत्तीचं पिल्लू तोललं, पिल्लू एका पारड्यात, दुसऱ्या पारड्यात माहूत, त्याची बायको आणि बायकोची सासू, तरी पिल्लूच जड भरलं, मग सासूबाईंना म्हणे दोनदा जेवायला घातलं. माणसे हसत होती. एक बाई पारड्याकडे बघून सासूबाई कुठे बसल्या असतील याचा अंदाज घेत होत्या. आठ मिनिटे झाली होती. मी पुढे झाले आणि सांगितले की या काट्याची क्षमता पन्नास किलो आहे आणि हत्तीचे पिल्लू जन्मतःच शंभर किलोच्या आसपास असते, त्यामुळे ही घटना शक्य नाही.

माहिती दुरुस्त झाली. माणसे गेली. शेवटचा माणूस बाहेर पडायला एकोणीस सेकंद लागले. काका खुर्चीतून उठले आणि दाराशी जाऊन उभे राहिले. "तुमचं बरोबर आहे, ताई," असे म्हणाले. रागाने नाही.

त्या वेळी मला आईच्या घरी तुमच्यासमोर राहिलेला चहाचा अर्धा कप आठवला. मी सगळ्यांसमोर म्हणाले होते की आमचे काटे तुमच्या काट्यांपेक्षा दहापट अचूक आहेत. (प्रत्यक्षात बारापट, मी सभ्यपणा म्हणून दहा म्हणाले होते.) तुम्ही "मग झालं" म्हणालात आणि कप खाली ठेवून चपला घालायला गेलात. त्याला या रविवारी आठ महिने होतात. आकडा बरोबर होता. काकांचा प्रसंग आणि तो कप यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, ते मी इथे लिहीत नाही.

काकांना मी दुसऱ्या दिवशी चहा नेऊन दिला आणि विचारले की पिल्लू बकरीचे असते तर चालले असते का. ते म्हणाले, "बकरीला कोण थांबेल, ताई?"

तेव्हा समिती यायला पाच आठवडे उरले होते. त्या रविवारी एक बाई आणि त्यांचे यजमान आले. बाईंच्या हातात बाजाराची भरलेली पिशवी होती. त्यांनी वजनांच्या पेटीवरची काच टकटक वाजवली आणि मला म्हणाल्या, "ही कोंडून का ठेवलीत? पळून जाणार आहेत का?" मी उत्तर शोधले. खोलीत नऊ काटे आहेत आणि "हात लावू नये"च्या पाट्या अकरा. त्यातल्या दोन कशासाठी आहेत, ते प्रमुख बाईंनाही माहीत नाही. मी काच उघडली. का उघडली ते नीट सांगता येणार नाही. त्यातले कडेला टवका उडालेले दोनशे ग्रॅमचे पितळी वजन काढले, त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि तळहातावर ठेवले. किती असेल, विचारले.

हे मी कुठे शिकले ते तुम्हाला माहीत आहे. शाळा सुटल्यावर आई येईपर्यंत मी तुमच्या त्याच बाकावर बसायची आणि तुम्ही काम करता करता माझ्या हातावर एकेक वजन ठेवायचात. "बघू नकोस. हाताला विचार."

बाई म्हणाल्या, "अर्धा किलो." यजमान म्हणाले, "छे, तीनशे." मी दोनशे सांगितल्यावर दोघांनीही माझ्यावर विश्वास ठेवला नाही, म्हणून मोठ्या काट्यावर तोलून दाखवावे लागले. पारडी हलताना बघून बाईंच्या डोक्यात काहीतरी आले. त्यांनी पिशवी उचलली आणि पारड्यात ठेवली. सहा किलो तीनशे ग्रॅम.

"बघा!" बाई यजमानांना म्हणाल्या. "दर रविवारी मी म्हणते जड आहे, तर तुम्ही म्हणता तुला वाटतं. वाटतं का मला?"

यजमान म्हणाले, "अगं, काटा जुना आहे."

"काटा जुना आहे, खोटा नाही," असे कोणीतरी मोठ्याने म्हणाले. ते मीच म्हणाले होते. मग दुसरे लोक आले, मग रांग लागली. एकाने स्वतःचा बूट तोलला. एका शिक्षिकेने तपासायच्या वह्यांचा गठ्ठा तोलला आणि आकडा तळहातावर लिहून घेतला. काकांनी न सांगता रांग लावली आणि खुर्ची एका आजींना दिली. यजमानांनी पिशवी घरी नेली, हे मी खिडकीतून पाहिले. त्या दिवशीचा सरासरी वेळ सतरा मिनिटे. प्रमुख बाईंनी नियमावली काढून पाहिली आणि दुरून म्हणाल्या, "मी काही पाहिलं नाही. चालू दे."

तर इथपर्यंत जमले आहे. अडचण पुढची आहे. तोलून झाल्यावर माणसे प्रश्न विचारतात आणि आता ते स्वच्छतागृहाबद्दल नसतात. हा काटा कोण वापरायचे? दांडीवर खिळ्याने कोरलेल्या सात रेघा कसल्या? यावर सगळ्यात विचित्र काय तोलले? मी सांगते की दांडी नऊशे बारा मिलिमीटर लांब आहे. ते मान हलवतात, शेजारचा माणूस स्वतःचे ऑपरेशन सांगत असताना हलवतात तशी. काका म्हणतात, "ताई, तुमच्याकडे आकडे आहेत, पण या वस्तूंची ओळख नाही." काकांकडे ओळख नाही, पण हत्ती आहे. समितीपुढे हत्ती चालणार नाही. मी रिकामे पाकीट पारड्यात टाकून दाखवते, तुम्ही दुरुस्त काटा परत देण्याआधी टाकायचात तसे. पन्नास किलोचा काटा आणि कागदाच्या पाकिटाने सुई हलते, हे पाहून माणसे जवळ येतात. पण "पाकीटच का?" असे एका मुलीने विचारले आणि मला सांगता आले नाही. इतकी वर्षे समोर बसून मी ते कधी विचारलेच नाही.

आता मूळ मुद्दा. गेल्या रविवारी संग्रहालय बंद झाल्यापासून मोठा काटा रिकामा असताना डावीकडे झुकतो. खोट चार ग्रॅम, दर वेळी तेवढीच. मी पाणसळ लावून जमीन पाहिली. जमिनीत दोष नाही. धार भिंगाखाली पाहिली. धारेत दोष नाही. दांडी सरळ आहे. साखळ्या दोन्ही बाजूंना सारख्या आहेत. हवेतला दमटपणा नेहमीइतकाच आहे. वजने मी कारखान्यात नेऊन आमच्या काट्यावर (ज्याला तुम्ही "डबडं" म्हणता) तपासून आणली. तुमची वजने दुकान बंद झाल्यावर इतक्या दिवसांनीही चालणाऱ्या मर्यादेच्या आत आहेत. टवका उडालेलेसुद्धा. हे तुम्हाला कळवायला हवे असे वाटले.

तर एवढ्यावरून काय वाटते, ते सवडीने कळवावे. चिठ्ठीवर दोन ओळी पुरतील. प्रवास वगैरेची गरज नाही, गुडघाही दुखतो आहे.

मामींना नमस्कार सांगावा (हा पूर्ण आहे). रेडिओला धक्का लागू देऊ नये. जिना चढताना कठड्याच्या बाजूने चढावे, मग गुडघा कोणताही असो.

तुमची,
एकुलती एक भाची

ता. क. चिठ्ठी लिहायचा कंटाळा येत असेल तर प्रत्यक्ष येणेही शक्य आहे. शेवटचा शनिवार, सकाळी अकरा. संग्रहालय तळमजल्यावर आहे, एकही पायरी नाही. मी पाहून घेतले आहे. आई तुमच्यासोबत येईल, तिला फक्त "हं" म्हणावे. मोठ्या काट्यावर सध्या मी पाटी लावली आहे : "हा काटा दुरुस्तीसाठी बंद आहे. ज्यांनी तो एकतीस वर्षे वापरला, ते कारागीर शेवटच्या शनिवारी तो इथेच, तुमच्यासमोर उघडतील. बसायला खुर्च्या आहेत." मी या इमारतीत लिहिलेल्या सगळ्या फलकांपैकी शेवटपर्यंत वाचला गेलेला हा एकच. चौतीस जणांनी वेळ विचारून घेतली. पिशवीवाल्या बाई यजमानांना घेऊन येणार आहेत. काकांनी खुर्च्या गोळा केल्या आहेत. बाकापाशी एक पाठीची, तुमच्यासाठी, तिच्यावर त्यांनी कोणाला बसू दिलेले नाही, स्वतःही बसलेले नाहीत. तुम्ही येणार नसाल तर पाटी मला उतरवावी लागेल आणि समितीला काकांचा हत्ती भेटेल.

आणखी : वर मी जागा निवडताना अंतर पाहिले असे लिहिले आहे. पाहिले होते. घरापासून दोन बस बदलाव्या लागतात. दोनशे ग्रॅमच्या वजनाचा टवका तुमच्या हातून पडून उडाला, असे तुम्ही वजने तपासायला आलेल्या सरकारी तपासनिसांना सांगितले होते. मी तेव्हा सात वर्षांची होते आणि बाकाखाली लपले होते. ते वजन कोणी पाडले, ते तुम्हाला माहीत होते, हे मला माहीत आहे.

आणखी एक, आणि हे शेवटचे. वरचे पत्र पुन्हा वाचून पाहावे : काट्याच्या खोटीचे कारण मला माहीत नाही, असे मी कुठेही लिहिलेले नाही. डाव्या पारड्याखाली मेण आहे. मीच लावले आहे. हाताला लगेच लागेल. आयुष्यात पहिल्यांदा मी एक बरोबर असलेला काटा चुकवला आणि त्यासाठी मला चार वेळा तोलून बघावे लागले. तुमचा काटा चुकतो आहे आणि लोकांना ते दिसते आहे, हे कळल्यावर तुम्ही घरी बसू शकणार नाही, असा माझा हिशेब आहे. हिशेब चुकला तर चूक माझी. ही धरून दुसरी, पहिली त्या चहाच्या वेळची.

येताना हे पाकीट फेकू नका, रिकामे करून खिशात ठेवा. मेण मी याच पाकिटाच्या वजनाइतके लावले आहे. आल्यावर, काही उघडण्याआधी, ते नेहमीसारखे उजव्या पारड्यात टाकावे.